आपण आर्टिशियाकर का नाही?

लाडक्या सईस,

परवा कॅलिफोर्नियातल्या आपल्या या आर्टिशियात, पायोनिअर बुलेवार्डवर गाडी लावायला जागा शोधत आपण तिसरी फेरी मारत होतो, तेव्हा तू मागच्या सीटवरून विचारलंस, "आई, केळशीकर म्हणजे केळशीचे ना? पण बाबा जन्मले दादरला, मी जन्मले इथे, आणि आपण राहतो आर्टिशियात. मग आपण आर्टिशियाकर का नाही?" मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. घरी आल्यावर पोळ्या, तुझं गणित आणि आजींचा फोन यांत ते राहून गेलं. 'माझ्या नावाची गोष्ट' या तुझ्या शाळेच्या प्रकल्पाचा कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे. पुढच्या शुक्रवारी तो द्यायचाय. उत्तर दोन वाक्यांत बसणारं नाही, म्हणून रात्री बसून लिहिते आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. अडलीस तर मोठ्याने वाच, म्हणजे कानाला कळेल.

आधी 'कर'चं बघू. केळशी हे रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, अगदी समुद्राकाठी आहे. तू चार वर्षांची असताना आपण गेलो होतो. तुला वाळूतले खेकडे तेवढे आठवतात, मला महालक्ष्मीचं देऊळ आठवतं आणि याकूबबाबांच्या दर्ग्याकडे जाणारी वाट आठवते. त्या चार दिवसांत तिथे आपल्याला कोणीच 'केळशीकर' म्हणून हाक मारली नाही. केळशीत बसून कोण कोणाला केळशीकर म्हणणार? तिथे सगळेच केळशीचे. तिथे माणूस वाडीवरून ओळखतात, घरावरून ओळखतात, "अमक्याचा नातू" म्हणून ओळखतात. केळशीकर हा शब्द लागतो तो माणूस केळशीच्या बाहेर पडल्यावर. नव्या गावातले लोक विचारतात, "हे कोण?" कोणीतरी सांगतं, "ते होय, ते केळशीकर." म्हणजे आपलं आडनाव केळशीने दिलेलंच नाही. आपले लोक जिथे जाऊन राहिले तिथल्यांनी ते दिलं.

बाबांचे पणजोबा हर्णैहून बोटीत बसून मुंबईला आले. तेव्हा कोकणातली माणसं अशीच बोटीने जायची. गिरगावातल्या एका चाळीत त्यांना एक खोली मिळाली. आजी सांगतात की त्या चाळीच्या जिन्याखाली भाडेकरूंच्या नावांची लाकडी पाटी होती. गुहागरकर, राजापूरकर, मालवणकर, केळशीकर. ती पाटी वरून खाली वाचली की अर्धा कोकण किनारा वाचून व्हायचा. मला ती पाटी कधी बघायला मिळाली नाही, पण पायोनिअर बुलेवार्डवर चालताना मला तिचीच आठवण येते. आपण सुरती फरसाणच्या दुकानातून खांडवी घेतो. पुढे अंबालाची मिठाई. उडुपीचा डोसा. कधी लक्षात आलं का तुझ्या, सुरत, अंबाला, उडुपी ही सगळी मागे राहिलेल्या गावांची नावं आहेत? दुकानदारांनीही आपलं गाव पाटीवर लिहून घेतलं. फक्त 'कर' लावला नाही.

सगळ्या मराठी माणसांचं असंच असतं असं मात्र प्रकल्पात लिहू नकोस. माझं माहेरचं आडनाव कुलकर्णी, म्हणजे गावाचा हिशेब लिहिणारा. ते कामावरून आलं. देशपांडे, पाटील, सुतार हीही तशीच. कितीतरी घराण्यांना पूर्वी कागदावर लिहायचं आडनाव नव्हतंच. शाळेत नाव घालायची वेळ आली, सरकारी वही पुढे आली, तेव्हा काहीतरी लिहिणं भाग पडलं. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण तुला नक्की लिहिता येईल. त्यांच्या घराचं आडनाव सकपाळ. मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे आपल्या केळशीपासून फार लांब नाही. शाळेत त्यांचं नाव गावावरून आंबडवेकर असं घातलं गेलं आणि पुढे त्याचं आंबेडकर झालं. मंडणगडच्या एका लहान गावाचं नाव त्या माणसाबरोबर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलं, लंडनला गेलं, आणि आज भारतात असं शहर नसेल जिथे ते एखाद्या रस्त्याला नाही.

आता याहूनही मला आवडणारी गोष्ट. लता मंगेशकरांचं गाणं तुझ्या आजी पहाटे लावतात. त्यांचे वडील, मास्टर दीनानाथ, गोव्यातल्या मंगेशीचे, म्हणून त्यांनी मंगेशकर हे नाव घेतलं. पण मंगेशी हे नाव त्या जागेला कुठून आलं? मंगेशाचं मूळ देऊळ तिथे नव्हतंच. ते कुठ्ठाळला होतं, झुआरी नदीच्या अलीकडे. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं, देवळं पाडली जात होती, लोकांचा धर्म बदलला जात होता. १५६० च्या सुमारास भक्तांनी देव उचलला आणि नदीपलीकडे प्रियोळला नेला, कारण तिथे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. देव तिथे राहिला आणि त्या जागेलाच मंगेशी म्हणू लागले. बघ हं, देव परगावाहून आला, त्याच्यावरून जागेला नाव मिळालं, त्या जागेवरून माणसांना नाव मिळालं, आणि ते नाव घेऊन माणसं कोल्हापूरला, मुंबईला गेली. आपण समजतो गाव स्थिर असतं आणि माणसं हलतात. इथे तर गावाचं नावच चालत आलेलं आहे.

तू लगेच म्हणशील, पोर्तुगीज म्हणजे आपल्या शेजारच्या आजींचे लोक का? नाही गं. त्या अझोर्स बेटांवरच्या. अटलांटिक महासागरात, पोर्तुगालच्याही पश्चिमेला ती बेटं आहेत. तिथले लोक गरीब, गाई पाळणारे. त्यांनी गोव्याचं राज्य केलं नाही, ते दूध काढायच्या कामासाठी बोटींतून इकडे आले. पण भाषा तीच. मागच्या वर्षी आजी इथे आल्या होत्या तेव्हाची ती दुपार तुला आठवते का? दोघींना एकमेकींचं इंग्रजी कळेना. शेजारच्या आजी परसातून पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बटाटा." आपल्या आजी थक्क होऊन माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, ही मराठी बोलते!" मग तासभर दोघी स्वयंपाकघरातल्या एकेका वस्तूवर बोट ठेवत बसल्या होत्या. पाव जुळला. काजू जुळला. चावी थोडी वेगळी ऐकू आली, पण जुळली. साबण जुळला. हे सगळे शब्द चारशे-पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आले आणि आपलेच होऊन गेले. ज्यांच्यामुळे देवाला नदी ओलांडावी लागली, त्यांच्याच भाषेतला शब्द वापरून आजी बटाट्याची भाजी करतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तू दोन्ही लक्षात ठेव.

त्या शेजारच्या आजींचे सासरे इथे आले तेव्हा या शहरात भारतीय दुकान एकही नव्हतं. गाई होत्या. पोर्तुगीज आणि डच लोकांचे गोठे होते. आपल्या तीन बाजूंना जे सेरिटोस शहर आहे ना, जिथलं मोठं वाचनालय तुला आवडतं, त्याचं जुनं नाव सांगू? डेअरी व्हॅली! १९५६ साली गोठेवाल्यांनीच ते शहर स्थापन केलं, जमिनीवर घरं बांधणाऱ्यांचा डोळा आहे, तेव्हा आपले गोठे आपणच वाचवू या म्हणून. तिथे माणसांपेक्षा गाई जास्त होत्या. जवळच ला पाल्मा आहे, त्याचं नाव डेअरीलँड होतं. सायप्रस आहे, ते जेमतेम वर्षभर डेअरी सिटी होतं. एकमेकांना लागून दुधाची तीन शहरं! मग जमिनी महागल्या, कर वाढले, गोठेवाल्यांनी जमिनी विकल्या आणि गाई घेऊन चिनो गावाकडे गेले. गाई गेल्यावर दुधाचं नाव कशाला ठेवायचं? १९६७ साली डेअरी व्हॅलीचं सेरिटोस झालं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ लहान टेकड्या. तू सायकलवर सगळं सेरिटोस फिरली आहेस, तुला कुठे टेकडी दिसली? ते नाव जुन्या स्पॅनिश जमीनदारीवरून, रांचो लोस सेरिटोसवरून घेतलं. त्याच्याही आधी ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, तोंगवा लोकांची होती. या रस्त्यांच्या पाट्यांवर त्यांचं नाव मला कुठे दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आर्टिशियाने मात्र नाव बदललं नाही. १८७५ साली इथे शाळा सुरू झाली तेव्हापासून हेच नाव. १९५९ साली शेजारची शहरं आपले तुकडे करून गिळतील या धास्तीने लोकांनी त्याचं रीतसर शहर केलं. दीड मैल बाय एक मैल एवढीशी जागा, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं साधारण १६,४०० भरली. आपल्या दापोलीएवढं म्हण. पण नाव केवढं हिंडतं! आर्टिशिया हायस्कूल लेकवुडमध्ये आहे. ट्रेनचं आर्टिशिया स्टेशन कॉम्प्टनमध्ये आहे. बाबा रोज ज्या ९१ नंबरच्या फ्रीवेवरून जातात त्याला आर्टिशिया फ्रीवे म्हणतात. तुझ्या शाळांच्या 'ए बी सी' विभागाच्या नावातही आर्टिशिया लपलेलं आहे. 'ए बी सी' म्हणजे मुळाक्षरं असं तू पहिलीत सगळ्यांना सांगत होतीस. तो ए म्हणजे आर्टिशिया, बी म्हणजे ब्लूमफील्ड आणि सी म्हणजे कार्मेनिटा.

आता हे शहराचं नाव कशावरून आलं ते वाच, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे.

इथे जमिनीत भोक पाडलं की पाणी आपोआप उसळून वर यायचं. पंप नाही, रहाट नाही. आजींच्या दादरच्या इमारतीत गच्चीवर टाकी आहे म्हणून खालच्या मजल्यावरचा नळ जोरात वाहतो, तसंच. सॅन गॅब्रिएल डोंगरांकडचं पाणी वाळूच्या थरांतून जमिनीखाली मुरत इथवर यायचं. वर चिकणमातीचा जाड थर, त्यामुळे ते दाबून राहायचं. मातीला भोक पडलं की ते उसळायचं. अशा विहिरीला आर्टिशियन विहीर म्हणतात. त्या विहिरींवरून गाव आर्टिशिया. मग लोकांनी इतक्या विहिरी पाडल्या आणि इतकं पाणी उपसलं की जमिनीखालचा दाब गेला, आणि आता तसं पाणी उसळत नाही. नाव राहिलं.

पण आर्टिशियन हा शब्द कुठला? फ्रान्सच्या उत्तर भागात आर्त्वा नावाचा जुना प्रांत आहे. बाराव्या शतकात तिथल्या मठातल्या लोकांनी अशा विहिरी खोदल्या. फ्रेंच भाषेत आर्त्वाच्या माणसाला किंवा वस्तूला 'आर्तेझियँ' म्हणतात. आर्त्वाचा तो आर्तेझियँ. केळशीचा तो केळशीकर. सई, मला हे कळलं त्या दिवशी मी एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवली होती! आपल्या शहराच्या नावात 'कर' आधीच बसलेला आहे. आर्टिशिया म्हणजे आर्त्वाकर विहिरींचं गाव. इथे आलेल्या कोणी पहिल्यांदा ते पाणी पाहिलं आणि दूरच्या एका प्रांताचं नाव त्याला दिलं, तेव्हापासून हे शहर दुसऱ्या कुठल्या तरी गावाचं नाव मिरवतं आहे.

म्हणूनच 'लिटल इंडिया'चं भांडण मला समजतं. पायोनिअर बुलेवार्डच्या त्या भागाला सगळी दुनिया लिटल इंडिया म्हणते. १९७० च्या दशकात इथे पहिलं भारतीय किराणा दुकान उघडलं, मग साड्या, दागिने, मिठाई. लांब लांबून लोक येऊ लागले. व्यापाऱ्यांनी मागणी केली की हे नाव अधिकृत करा, फ्रीवेवर पाटी लावा. शहरातल्या जुन्या लोकांनी विरोध केला. शेवटी शहराने नाव ठरवलं ते 'इंटरनॅशनल अँड कल्चरल शॉपिंग डिस्ट्रिक्ट'. मी एवढी वर्षं इथे आहे, पण हे नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. तोंडी बसेल असं ते नाहीच.

मला आधी त्या विरोधाचा राग यायचा. आपल्यामुळे गावाची भरभराट झाली आणि आपलं नाव मात्र नको, असं वाटायचं. पण मग शेजारच्या आजींनी एकदा आपल्याला त्यांच्या फेस्ताला, म्हणजे उत्सवाला नेलं. ती मोठी मिरवणूक, पांढऱ्या झग्यातल्या तुझ्या वयाच्या मुली, डोक्यावर मुकुट आणि नंतर त्यांच्या सभागृहात लांबच लांब टेबलं. रस्सा आणि पाव, त्याला ते सोपाश म्हणतात. कोण कुठला, धर्म कोणता, काही न विचारता प्रत्येकाला फुकट वाढतात. आपल्याकडे देवळाच्या उत्सवात गावजेवण असतं, अगदी तसंच. आपण मांस खात नाही म्हटल्यावर एका काकांनी तुझ्या ताटात पाव आणि बटाटे भरभरून वाढले. तिथे बसल्यावर मला वाटलं, या लोकांनी याच गावात गोठे घातले, मुलं वाढवली, माणसं पुरली. उद्या सगळ्या गावालाच लिटल इंडिया म्हणायला लागले तर यांनी कुठे जायचं? आणि नुसते तेच नाहीत. २०१० च्या जनगणनेत या शहरातले जवळजवळ ३६ टक्के लोक लॅटिनो होते, ३७ टक्क्यांच्या आसपास आशियाई, आणि त्या आशियाईंत फिलिपिनो, चिनी, कोरियन सगळेच. भारतीय माणसं दुकानांत खूप दिसतात, पण राहणाऱ्यांत आपण थोडे आहोत.

माझं मत विचारशील तर त्या पाच-सहा चौकांना लिटल इंडिया म्हणावं, खुशाल पाटी लावावी. ती गल्ली त्या दुकानदारांनी उभी केली आहे. गिरगावच्या जिन्याखालची ती पाटी भाडेकरूंची होती, ती कोणी काढायला सांगितली असती तर पणजोबांना वाईट वाटलं असतं. पण शहर आर्टिशियाच राहावं. त्या नावावर आपल्यापैकी कोणाचाच हक्क दुसऱ्यापेक्षा जास्त नाही, म्हणून ते सगळ्यांना पुरतं.

आता राहिलं आर्टिशियाकर.

२०१५ साली अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन इथे जवळच, अ‍ॅनाहाइमला झालं. तू कडेवर होतीस. मी स्वयंसेवकांत होते, तीन दिवस हजारो मराठी माणसं बघितली. जो तो दुसऱ्याला भेटला की विचारायचा, "तुम्ही कुठले?" समोरचा म्हणायचा, "शिकागोचे." आणि लगेच पुढचा प्रश्न यायचा, "ते झालं हो, मूळचे कुठले?" ही आपली मराठी सवय आहे. आपल्याला राहण्याची जागा वेगळी आणि गाव वेगळं. दादरमध्ये तीन पिढ्या काढलेला माणूसही मे महिन्यात "गावाला जातो" म्हणतो. तुझे काही मित्र याला हसतील. पण यात राहत्या जागेचा अपमान नाही. आपण आलो कुठून हे विसरलो नाही, एवढंच त्यात आहे.

आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली लोक राहायचे. ज्यू धर्माचे, घरात मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी ते काम करायचे नाहीत म्हणून गावातल्या लोकांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली. त्यांची आडनावं ऐक: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर. इस्रायल देश झाल्यावर त्यांतले बहुतेक तिकडे गेले, अश्दोदला, लोदला, दिमोनाला. ते ज्या भूमीची हजारो वर्षं प्रार्थना करत होते तिथे पोचले, आणि तिथे दारावर पाटी लावली पेणकर. पेणमध्ये असताना त्या नावाची कोणाला एवढी गरज नव्हती. वाळवंटातल्या दिमोनात ती लागली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, बाळा. आर्टिशियात राहून आर्टिशियाकर होता येत नाही. इथे तू आहेस सई, कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरातली, शेजारच्या आजींच्या लिंबांवर हक्क सांगणारी. उद्या शिकायला बोस्टनला गेलीस, नाहीतर आणखी कुठे, आणि तिथे बटाटा म्हटल्यावर तुला दोन आज्या आठवल्या, फुकट वाढलेला रस्सा आणि पायोनिअरवरची खांडवी आठवली, आणि कोणी विचारलं, "ही कोण?" तर तिथले लोक ठरवतील. तू केळशीकर आहेसच, ते पणजोबांबरोबर बोटीतून आलेलं आहे. दुसरं नाव तू कमावशील तेव्हा तेही घे. दोन्ही वापर.

प्रकल्पाच्या कागदावर तीन ठिपक्यांचा नकाशा काढ: केळशी, गिरगाव, आर्टिशिया. आर्त्वाचाही एक ठिपका काढ, तुझ्या बाईंना आवडेल. आणि रविवारी सकाळी आजींना फोन कर. केळशीत आपल्या घराला काय म्हणायचे ते त्यांना विचार. बाबांना आठवत नाही, मला कधी कोणी सांगितलं नाही, आणि ते आता फक्त त्यांनाच माहीत आहे. शुक्रवारच्या आत लिहून घे.

तुझी,
आई